पेवापासून वखारीपर्यंत

मराठवाड्यात, परभणी-पूर्णा लोहमार्गावरील पिंगळीसारख्या गावांतून, पूर्वी जोंधळा पेवात वा बळदात साठवीत. ती साठवण मुख्यतः पडत्या काळासाठी असे. व्यापारी साठवणीचे नाव वखार. राजापूरची इंग्रजांची वखार शिवाजी महाराजांनी १६६१ साली लुटली, हे आपण जाणतोच.

पुढे १९५६ च्या कायद्याने सार्वजनिक वखारींचा पाया घातला, आणि १९५७ साली तेव्हाच्या मुंबई राज्यात वखार महामंडळ निघाले. तिचा खरा लाभ पावतीत आहे. पावतीवर कर्ज मिळाले, तर ऐन सुगीच्या मंदीत माल विकणे शेतकऱ्यास भाग पडत नाही.

आज गोदामांचे पेव फुटले आहे ते भिवंडीस. घरबसल्या फोनवरून खरेदी वाढली, तसा दुकानाच्या फळीवरील माल गोदामात आला. तेथे एकेक नग वेगळा मांडावयाचा, बांधावयाचा, परत आलेला पुन्हा ठेवावयाचा. म्हणून जागा अधिक लागते. मुंबईच्या जकातीबाहेर वाढलेली ही गोदामे २०१७ साली जकात गेल्यावरही वाढतच राहिली; कारण गिऱ्हाईक जवळ आहे.

वखार गिऱ्हाइकाकडे सरकते. पेव मात्र पिकविणाराच्या दारी होते. पिंगळीचे पीक पिंगळीजवळच साठावे, ही केवळ जुन्याची ओढ नव्हे. कधी विकावे हे कोणी ठरवावयाचे, हा तो प्रश्न आहे, असे आम्हांस वाटते.