स्तन्यसंचयाचा इतिहास : धात्रीपासून दुग्धपेढीपर्यंत

मातेचे दूध काढून ते भांड्यात जतन करणे व नंतर बालकास पाजणे, ही क्रिया वरवर पाहता एखाद्या सामान्य गृहकृत्यासारखी वाटते. इतिहासाच्या दृष्टीने मात्र तिचे महत्त्व मोठे आहे. आईवाचून राहिलेल्या किंवा आईचे दूध अपुरे पडणाऱ्या बालकास दुसऱ्या स्त्रीचे दूध देण्याची प्रथा अनेक प्राचीन समाजांत आढळते. परंतु जोपर्यंत दूध साठविता येत नव्हते, तोपर्यंत दूध हवे तर ती स्त्रीच आणावी लागे. दूध आणि ते देणारी स्त्री यांची फारकत विसाव्या शतकात झाली. या फारकतीचा लाभ दूध पिणाऱ्या बालकास झाला हे उघडच आहे. पण दूध देणाऱ्या स्त्रीच्या पोटच्या मुलासही तो तितकाच झाला. या दुसऱ्या मुलाकडे लक्ष दिल्यावाचून स्तन्यसंचयाचा इतिहास नीट उलगडत नाही.

दूध काढण्याची क्रिया भारतीय वैद्यकास पूर्वीपासून परिचित होती. बालकास पाजण्यापूर्वी स्तन धुऊन थोडे दूध काढून टाकावे, असे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील दहाव्या अध्यायात सांगितले आहे. तटतटलेल्या स्तनातील दूध तसेच पाजल्यास बालकास खोकला, श्वास व वांती यांचा उपद्रव होतो, असे त्याचे कारणही तेथे दिले आहे. दूध पाण्यात टाकून त्याची शुद्धता पाहण्याची परीक्षा याच ग्रंथात आढळते. शुद्ध दूध पाण्याशी एकरूप होते, असे तिचे गमक होय. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात होऊन गेलेला ग्रीक वैद्य सोरॅनस हा दुधाचा थेंब नखावर घेऊन त्याचा दाटपणा पाहण्यास सांगतो. तथापि या सर्व प्रकारांत काढलेले दूध एक तर टाकावयाचे असे, नाही तर तपासावयाचे असे. ते राखून ठेवण्याचा विचार तेथे नाही. स्त्रीचे दूध न मिळाल्यास शेळीचे अथवा गाईचे दूध द्यावे, असा पर्याय सुश्रुत सांगतो. नासण्याची भीती असलेले दूध साठविण्यापेक्षा ताजे दूध देणारी धात्री निवडणे, हाच त्या काळचा व्यवहार्य मार्ग होता. म्हणूनच वैद्यकग्रंथांतून धात्रीचे वय, प्रकृती व शील यांचा इतका बारकाईने विचार केलेला दिसतो.

धात्रीविषयीचे नियम बहुधा तिला ठेवून घेणाऱ्यांच्या हिताचे होते. पोसावयास घेतलेले मूल दगावल्यावर त्याच्या आईबापांच्या नकळत दुसरे मूल पाजणाऱ्या धात्रीचे स्तन कापावेत, असे बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या संहितेचे १९४ वे कलम सांगते. तिच्या स्वतःच्या अपत्याचा त्यात उल्लेख नाही. याउलट काही ठिकाणी धात्रीचे घराणे मानास चढले. १६५७ साली पुरंदरावर जन्मलेल्या संभाजीराजांना कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनी दूध पाजले आणि त्यांचे पुत्र राजांचे दूधभाऊ म्हणून ओळखले गेले, असे परंपरा सांगते. मोगल दरबारात अकबराचा दूधभाऊ मिर्झा अझीझ कोका मोठ्या पदास पोहोचला. परंतु हे राजघराण्यातील अपवाद होत. मोलाने दूध पाजणाऱ्या सामान्य स्त्रीच्या मुलास अशी ओळख लाभली नाही.

त्या मुलाची स्थिती फ्रान्सच्या इतिहासात विशेष स्पष्ट दिसते. १७८० साली पॅरिसमध्ये जन्मलेल्या सुमारे २१,००० बालकांपैकी जेमतेम १,००० बालके स्वतःच्या आईच्या अंगावर पीत होती, असा अंदाज त्या शहराचा पोलीस-प्रमुख लेन्वार याने नमूद केला आहे. उरलेल्यांतील बहुसंख्य बालके खेड्यापाड्यांतील धात्रींकडे पाठविली जात. पुढे संपन्न घरांतून धात्रीलाच शहरात आणून ठेवण्याची रीत वाढली, आणि तिचे तान्हे मूल मागे गावी वरच्या दुधावर राहू लागले. जंतुशास्त्राच्या उदयापूर्वी वरचे दूध म्हणजे अनेकदा अतिसार व मृत्यू असे समीकरण होते. २३ डिसेंबर १८७४ च्या रूसेल कायद्याने या प्रश्नास हात घातला. ज्या स्त्रीला धात्रीची नोकरी पत्करावयाची असेल, तिचे स्वतःचे मूल ७ महिन्यांचे झालेले असावे, अथवा ते दुसऱ्या स्त्रीच्या अंगावर पीत असावे, अशी अट त्याने घातली. एका बालकास मिळालेले दूध दुसऱ्याच्या तोंडचे असू शकते, ही गोष्ट त्यामुळे कायद्याच्या कक्षेत आली. मात्र कायद्याने दूध वाढत नाही, आणि एका स्त्रीला एकाच वेळी दोन घरी राहता येत नाही. ही अडचण दूध साठविण्याच्या विद्येनेच सुटणे शक्य होते.

त्या विद्येचे घटक एकेक करून सिद्ध झाले. अमेरिकेत ओर्वेल नीडहॅम याने १८५४ साली दूध काढण्याच्या पंपाचे पेटंट घेतले. पाश्चरच्या संशोधनामुळे दूध नासण्याचे कारण उमगले, आणि बर्फाच्या व शीतयंत्राच्या उपलब्धतेने ते टिकविण्याची सोय झाली. थेओडोर एशेरिख या बालरोगतज्ज्ञाने १९०९ साली व्हिएन्ना येथे स्थापन केलेली दुग्धपेढी ही या प्रकारची पहिली संस्था मानली जाते. पाठोपाठ बॉस्टन येथेही असा उपक्रम सुरू झाला. पहिल्या महायुद्धानंतरच्या टंचाईच्या दिवसांत, १९१९ साली, मारी-एलिझे कायझर यांनी माग्डेबुर्ग येथे जर्मनीतील पहिले स्तन्यसंकलन केंद्र उघडले. १९३४ साली कॅनडातील दियॉन कुटुंबात जन्मलेल्या पाच जुळ्या मुलींसाठी दूरच्या शहरांतून मातांचे दूध पाठविण्यात आले व त्या पाचही जगल्या. दुधाने इतका प्रवास केला, पण ते देणाऱ्या स्त्रिया आपापल्या घरी, आपल्या मुलांपाशीच राहिल्या. धात्रीच्या पद्धतीहून नवी पद्धत वेगळी कशी, हे याहून स्पष्टपणे दाखविणारे उदाहरण क्वचितच सापडेल.

नव्या पद्धतीने जुना एक प्रश्न मात्र नव्या रूपात पुढे आणला. दूध मोजता येऊ लागताच त्याला भाव आला. अमेरिकेतील आरंभीच्या केंद्रांत औंसाच्या मापाने मोबदला दिला जाई. जेथे पैसा आहे तेथे गरजू स्त्री स्वतःच्या मुलाचा वाटा विकण्याचा संभव राहतो. म्हणजे रूसेल कायद्याने ज्या दोषावर बोट ठेवले होते, तोच मागील दाराने परत येतो. लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात १९३९ साली, तर रिओ द जानेरो येथे १९४३ साली दुग्धपेढी निघाली. ब्राझीलने १९८५ नंतर या पेढ्यांचा कायापालट केला. प्लॅस्टिकच्या झाकणाच्या साध्या काचेच्या बरण्या वापरून खर्च उतरविला, विनामोल दानाचे तत्त्व स्वीकारले, आणि काही ठिकाणी घरोघरचे दूध गोळा करण्याचे काम अग्निशामक दलाच्या जवानांनी केले. त्याच सुमारास एड्सचा विषाणू मातेच्या दुधावाटे बालकास होऊ शकतो असे निदर्शनास आल्यावर पाश्चात्त्य देशांतील अनेक पेढ्या बंद पडल्या. दात्या मातांची रक्ततपासणी व दुधाचे पाश्चरीकरण यांच्या कडक नियमांनंतरच त्यांवरील विश्वास पुन्हा स्थिरावला.

या प्रक्रियेचे स्वरूप थोडक्यात असे : दूध ६२.५ अंश सेल्सियस तपमानावर ३० मिनिटे ठेवून त्वरित थंड केले जाते व उणे २० अंशांस गोठविले जाते. यात रोगजंतू नष्ट होतात, परंतु काही उपयुक्त पाचकद्रव्ये व प्रतिरोधक द्रव्येही कमी होतात. त्यामुळे स्वतःच्या आईचे दूध प्रथम आणि पेढीचे दूध त्यानंतर, हा क्रम सर्वत्र मान्य आहे. नोकरीवर जाणाऱ्या मातेने स्वतःच्या मुलासाठी घरी काढून ठेवलेल्या दुधास पाश्चरीकरण लागत नाही. असे ताजे दूध २५ अंशांपर्यंतच्या हवेत सुमारे ४ तास, शीतकपाटात ४ दिवस व गोठविल्यास सुमारे ६ महिने चांगले राहते. ऊन दिवसांत हवेत ठेवण्याची मुदत अर्थातच आणखी आखडते.

अपुऱ्या दिवसांच्या बालकांस याचा लाभ किती, हे १९९० साली ल्युकस व कोल यांनी ९२६ बालकांच्या पाहणीतून दाखविले. केवळ कृत्रिम दुधावर वाढविलेल्या बालकांत आतडे सडविणारा घातक विकार, केवळ मातेच्या दुधावरील बालकांच्या मानाने, ६ ते १० पट अधिक आढळला. भारतात हा विचार याच्या थोडा आधी कृतीत उतरला होता. मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी २७ नोव्हेंबर १९८९ रोजी देशातील पहिली दुग्धपेढी सुरू केली. गरीब वस्तीतील प्रसूतांची गर्दी असलेल्या या सार्वजनिक रुग्णालयात पेढी निघाली, ही गोष्ट लक्षणीय आहे. पॅरिसच्या व्यवस्थेत गरीब स्त्रीचे दूध श्रीमंताच्या घरी जात असे. शीवच्या रुग्णालयात एका प्रसूतेचे वाढीव दूध तिच्याच शेजारच्या खाटेवरील आईच्या बालकास विनामूल्य मिळू शकले.

केंद्र शासनाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी स्तन्यव्यवस्थापन केंद्रांस देशव्यापी स्वरूप दिले. दूध देणाऱ्या मातेचे स्वतःचे मूल तृप्त झाल्यावर उरेल तेवढेच दूध घ्यावे, हे दुग्धपेढ्यांचे मूलतत्त्व होय. २४ मे २०२४ रोजी भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने मातेच्या दुधाच्या व्यापारी विक्रीस परवानगी नसल्याचे स्पष्ट केले.

महाराष्ट्राच्या बसस्थानकांवर स्तनदा मातांसाठी जे कक्ष आहेत, त्यांस हिरकणीचे नाव देण्यात आले आहे. दूध विकावयास रायगडावर गेलेली ही गवळण दरवाजे बंद झाल्यावर स्वतःच्या तान्ह्यासाठी कडा उतरून गेली, अशी आख्यायिका आहे. शतकानुशतके मोलाच्या धात्रीला असा कडा उतरून घरी जाता आले नाही. दूध साठविण्याच्या विद्येने तिची ती गरज संपविली. आणि दुधाचा बाजार होऊ न देण्याच्या दंडकावरच ही मुक्तता पुढेही अवलंबून राहणार आहे.