बैरागढचे युद्धकैदी

भोपाळहून उज्जैनकडे निघालेली आगगाडी शहराबाहेर पडते न पडते तोच एक लहानसे स्थानक लागते. त्याचे आजचे नाव संत हिरदाराम नगर; परंतु जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही बैरागढ हेच नाव आहे. कापडाच्या व्यापाराबद्दल प्रसिद्ध असलेली सिंधी लोकांची ही गजबजलेली वसाहत पाहून कोणाला वाटणारही नाही की, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे काटेरी तारांचे कुंपण होते, बरॅकींच्या रांगा होत्या आणि त्या बरॅकींत हजारो इटालियन सैनिक घरी जाण्याची वाट पाहत दिवस कंठीत होते.

हे सैनिक भोपाळला आले तरी कसे? डिसेंबर १९४० मध्ये जनरल वेव्हेल यांच्या सैन्याने इजिप्तच्या वाळवंटात इटालियन फौजेवर चढाई केली. हिंदी सैन्याची चौथी डिव्हिजन या चढाईच्या आरंभी आघाडीवर होती. अवघ्या दोन महिन्यांत सुमारे १ लाख ३० हजार सैनिक कैद झाले. पाठोपाठ मार्च १९४१ मध्ये एरिट्रियातील केरेनचे डोंगर पडले. त्या लढाईत मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनने मोठा पराक्रम गाजविला. मे महिन्यात अंबा अलागीच्या डोंगरावर इटालीचे पूर्व आफ्रिकेतील व्हाइसरॉय ड्यूक ऑफ आओस्ता यांनीही शस्त्रे खाली ठेवली.

एवढ्या कैद्यांना इजिप्तमध्ये पोसणे आणि राखणे अवघड होते. त्यामुळे साठ हजारांहून अधिक इटालियन कैदी हिंदुस्थानात पाठविण्यात आले. बंगळूर, रामगढ, देहरादून, कांगड्यातील योल आणि भोपाळ येथे त्यांच्या मोठ्या छावण्या उभ्या राहिल्या. भोपाळ हे तेव्हा नवाब हमीदुल्ला खान यांचे संस्थान होते. रणभूमीपासून दूर, समुद्रापासून दूर आणि तरीही हमरस्त्याच्या लोहमार्गावर असलेले हे ठिकाण अशा कामास सोयीचे होते. कुंपण ओलांडून कोणी पळाला, तरी तो जाणार कोठे? तटस्थ म्हणावी अशी जवळची भूमी म्हणजे पोर्तुगीजांचा गोवा; आणि तो शेकडो मैलांवर.

कैदेची पहिली दोन-अडीच वर्षे एका अर्थी सरळ होती. युद्ध चालू आहे, आपण शत्रूच्या हाती सापडलो आहोत, युद्ध संपेल तेव्हा सुटू, हा हिशेब कोणाही शिपायाला समजण्यासारखा होता. तो हिशेब ८ सप्टेंबर १९४३ रोजी चुकला. त्या दिवशी इटालीने दोस्त राष्ट्रांशी केलेली शस्त्रसंधी जाहीर झाली. पुढे १३ ऑक्टोबरला इटालीच्या राजाच्या सरकारने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. म्हणजे कालचा शत्रू आज सहकारी झाला. तरीही छावणीचे दार उघडले नाही. देश युद्धातून बाहेर पडला होता. त्याचा सैनिक मात्र कैदीच राहिला.

याहून अवघड पेच पुढेच होता. इटालीचे दोन तुकडे झाले होते. दक्षिणेस राजाचे सरकार आणि दोस्तांच्या फौजा. उत्तरेस जर्मनांच्या आश्रयाने उभे राहिलेले मुसोलिनीचे सरकार. नेपल्सकडच्या कैद्याचे घर एका राज्यात, तर मिलानकडच्याचे घर दुसऱ्या राज्यात! राजाला दिलेली शपथ खरी मानावी की मुसोलिनीवरची निष्ठा, या प्रश्नावरून एकाच बरॅकीतल्या माणसांत फळ्या पडल्या. ब्रिटिशांशी सहकार्य करण्यास तयार असलेले आणि नसलेले, असे कैद्यांचे दोन वर्ग करण्यात आले. सहकार्य करणाऱ्यांना काम मिळाले, थोडी मोकळीक मिळाली. पण त्यांनाही घर मिळाले नाही. हिंदुस्थानातील छावण्यांतून कित्येक हजार इटालियन माणसे ऑस्ट्रेलियात आणि इंग्लंडमध्ये शेतीच्या कामासाठी रवाना करण्यात आली. ऑस्ट्रेलियाकडे निघालेला माणूस जहाजावर चढला तो घराच्या उलट दिशेने.

याच काळात या कथेची दुसरी बाजू इटालीत घडत होती. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात कुलाबा जिल्ह्यातील यशवंत घाडगे यांनी शत्रूच्या मशीनगनवर एकट्याने चाल केली आणि तेथेच देह ठेवला. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी निमजच्या नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना वाचविले आणि शत्रूची ठाणी बंद पाडली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटालीच्या भूमीवर पाच हजारांहून अधिक हिंदी सैनिक कामास आले. इटालियन शेतकऱ्याचा मुलगा माळव्याच्या पठारावर अडकलेला आणि कोकणातील शेतकऱ्याचा मुलगा इटालीच्या डोंगरात लढत असलेला, असा हा विलक्षण अदलाबदलीचा प्रकार होता. नामदेव जाधवांच्या बटालियनला तर विजयानंतरही फार काळ विसावा मिळाला नाही. १९४६ मध्ये ब्रिगेडियर थिमय्या यांच्या हाताखाली ती जपानमध्ये ताबा-सैन्य म्हणून गेली. हिंदी तुकड्या तेथून परतल्या त्या १९४७ मध्ये. वाट पाहणे जेत्यांनाही चुकले नाही.

इटालीतील तोफा २ मे १९४५ रोजी थांबल्या. तथापि युद्धकैद्यांची पाठवणी रखडली, याला दोन कारणे होती. पहिले कारण जहाजांचे. जगभर पसरलेले दोस्तांचे लक्षावधी सैनिक आपापल्या देशी न्यायचे होते. त्या रांगेत हरलेल्यांचा क्रमांक शेवटचा. दुसरे कारण कायद्याचे. १९२९ च्या जिनिव्हा करारात, शस्त्रसंधीत तशी तरतूद झाली नसल्यास कैद्यांना तह झाल्यावर शक्य तितक्या लवकर परत पाठवावे, असे म्हटले होते. शस्त्रसंधी आणि तह यांमध्ये वर्षे लोटतील, ही गोष्ट करार लिहिणाऱ्यांनी पुरेशी ध्यानात घेतली नव्हती. इटालीशी तह झाला तो १० फेब्रुवारी १९४७ रोजी! तहाची अक्षरशः वाट पाहिली गेली नाही, एवढेच सुदैव. हिंदुस्थानातील बहुतेक कैद्यांना परतीचे जहाज मिळाले ते १९४६ मध्ये.

पाच वर्षांनी घरी पोहोचलेल्या या माणसांना ओळखीचा देश भेटला नाही. मुसोलिनी मारला गेला होता, गावे बाँबवर्षावाने मोडली होती. ज्या राजाच्या नावाने ते लढावयास गेले, ते राजेपदही २ जून १९४६ च्या लोकमताने संपुष्टात आले. त्या दिवशी इटालीच्या स्त्रियांनी देशाच्या भवितव्यासाठी मत दिले. त्यांचे कित्येक मुलगे आणि नवरे मात्र तेव्हाही परदेशच्या छावणीत किंवा जहाजावर होते.

या अनुभवातून जग एक धडा शिकले. १९४९ च्या नव्या जिनिव्हा करारातील ११८ व्या कलमाने तहाची अट काढून टाकली. प्रत्यक्ष लढाई थांबली की कैद्यांना विनाविलंब सोडावे, असा स्पष्ट नियम झाला. नियम झाला म्हणून प्रतीक्षा संपली असे मात्र नव्हे. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यास शरण आलेले पाकिस्तानी सैनिक आणि त्यांच्या सोबतचे नागरिक मिळून सुमारे ९३ हजार माणसे भारतात कैदेत होती. त्यांचे सेनापती नियाझी यांना तर भोपाळच्याच राज्यात, जबलपूरला ठेवले होते. राजकीय प्रश्न सुटता सुटता ऑगस्ट १९७३ चा दिल्ली करार उजाडला आणि शेवटची तुकडी वाघ्याची सीमा ओलांडून गेली ती एप्रिल १९७४ मध्ये. सैनिकाची सुटका लढाईच्या निकालावर थोडी आणि सरकारांच्या सोयीवर फार अवलंबून असते, हेच पुन्हा दिसून आले.

काही जण तर परतलेच नाहीत. भारतात कैदेत मृत्यू पावलेल्या कित्येक इटालियन सैनिकांचे अवशेष मुंबईत शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत विसावले आहेत. समुद्र तेथून हाकेच्या अंतरावर आहे.

आणि बैरागढ? फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या निर्वासितांना याच रिकाम्या बरॅकींत आसरा देण्यात आला. आधीच्या रहिवाशांना उशिरा का होईना, परतावयास घर होते. या नव्या लोकांचे घर सीमेपलीकडे कायमचे राहिले होते. त्यांनी त्या कैदखान्याच्या भिंतींतच चुली पेटविल्या, दुकाने थाटली, मुलांना शाळेत घातले. बैरागढच्या बाजारात आज कापडाचे ठाण उलगडले जाते, ते अशा जागेवर.