तळटिपेची दोन घराणी

प्रबंधाचे शेवटचे दिवस बहुतेक विद्यार्थ्यांचे स्वल्पविरामांच्या मागे जातात. आडनाव आधी की नाव, साल कंसात की ओळीच्या शेवटी, ग्रंथाचे नाव तिरप्या ठशात की अवतरणचिन्हांत, अशा प्रश्नांचा निकाल लावण्यालाच संदर्भ देणे म्हणतात, अशी समजूत आता रुळली आहे. वास्तविक इथे दोन निराळी कामे आहेत आणि त्यांचे कूळही निराळे आहे. आपल्या विधानाचा आधार वाचकासमोर उघडा ठेवण्याची रीत विद्वानांच्या भांडणांतून जन्मली. तो आधार कोणत्या साच्यात छापायचा याचे नियम छापखान्यांतून आणि नियतकालिकांच्या कचेऱ्यांतून आले. पहिले काम वाचकाच्या हक्काचे, दुसरे मुख्यतः संपादकाच्या सोयीचे. हा भेद नजरेआड झाला की साचा बिनचूक आणि आधार पोकळ असे लेखनही विद्वत्ता म्हणून खपते.

यावर कोणी म्हणेल, आधार सांगण्याची चाल तर आपल्याकडे फार जुनी आहे. खरेच आहे. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या हेमाद्रीचा ‘चतुर्वर्गचिंतामणि’ किंवा कमलाकरभट्टाचा १६१२ सालचा ‘निर्णयसिंधु’ पाहा. स्मृती-पुराणांतली वचने तिथे नावानिशी दिलेली आहेत. चौथ्या शतकात युसेबियसने चर्चचा इतिहास लिहिताना जुनी पत्रे जशीच्या तशी उतरवली. हदीसच्या परंपरेत कोणी कोणाकडून ऐकले याची साखळी आधी सांगावी लागते आणि त्या साखळीतल्या माणसांची विश्वासार्हता कसून तपासली जाते. पण या साऱ्यांत वाचकाने मूळ पान उघडून लेखकाची उलटतपासणी करावी अशी अपेक्षा नव्हती आणि तशी सोयही नव्हती. हस्तलिखिताची प्रत्येक प्रत वेगळी. एका पोथीतले पान दुसऱ्या पोथीत भलतीकडे असणार. छपाई आली, एका आवृत्तीच्या शेकडो प्रतींत तोच मजकूर त्याच पानावर येऊ लागला, तेव्हाच ‘अमुक पान पाहा’ या सांगण्याला अर्थ आला. स्मृतिकाराचे नाव घेतले की वाद मिटावा अशी अपेक्षा असे. पानाचा आकडा दिला की वादाला दार उघडते.

हे दार हेतुपुरस्सर उघडणारा माणूस म्हणजे पियरे बेल. प्रॉटेस्टंट म्हणून फ्रान्स सोडावा लागलेला हा विद्वान १६८१ पासून रॉटरडॅमला राहत होता. लुई मोरेरीचा १६७४ सालचा ऐतिहासिक कोश तेव्हा लोकप्रिय होता आणि चुकांनी भरलेला होता. बेलने आधी नुसत्या चुकांचाच कोश काढायचे योजले. त्यातून १६९७ मध्ये त्याचा ‘ऐतिहासिक आणि चिकित्सक कोश’ बाहेर पडला. त्याचे पान पाहण्यासारखे आहे. वर मूळ नोंदीच्या काही ओळी, खाली दोन स्तंभांत दाट टिपा, आणि बाजूच्या समासात त्या टिपांचे आधार. मजकुरापेक्षा टीप मोठी, कारण बेलच्या दृष्टीने खरे काम तिथेच होते: कोण काय म्हणाला, कोणी कोणाचे न तपासता उचलले, दोन साक्षींत विरोध कुठे आहे. गणितासारखी खात्री इतिहासात नसते, म्हणून तो ज्ञानच नव्हे, असे देकार्तचे अनुयायी म्हणत त्या काळात बेलने दिलेले हे उत्तर होते. इतिहासात सिद्धता नसली तरी तपासणी असू शकते. शास्त्रशुद्ध इतिहासलेखनाचे श्रेय बहुधा एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन इतिहासकार रांकेला दिले जाते. पण त्याच्या तळटिपेची मुळे कितीतरी मागे जातात हे अँथनी ग्राफ्टन यांनी १९९७ मध्ये तळटिपेच्या इतिहासावर लिहिलेल्या पुस्तकात दाखवले आहे.

टीप पानाच्या तळाशी हवी, हा आग्रहही वाचकाच्या बाजूने झाला. गिबनच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचा पहिला खंड १७७६ मध्ये निघाला तेव्हा टिपा ग्रंथाच्या शेवटी होत्या. डेव्हिड ह्यूमने प्रकाशकाला कळवले की प्रत्येक वेळी मागे पाने उलटायची आणि तिथे नुसते ग्रंथाचे नाव सापडायचे, हा वाचकाला जाच आहे. आधार समासात किंवा पानाच्या तळाशी छापावेत. पुढच्या आवृत्त्यांत तसे झाले. तळटिपा म्हणजे निव्वळ पांडित्याचा दिमाख, हा आक्षेपही त्याच शतकातला. अलेक्झांडर पोपने १७२९ मध्ये आपल्याच उपहासकाव्याला खोट्या पंडिती टिपांचे शेपूट लावून विद्वानांची थट्टा केली होती. टीप दिमाखासाठी वापरता येते, फसवण्यासाठीही येते, हे मान्यच करायला हवे. परंतु तिची लबाडी तिच्याच आधाराने पकडता येते. हेन्री डेव्हिस या तरुणाने १७७८ मध्ये गिबनवर आधारांचा विपर्यास केल्याचा आरोप केला आणि गिबनला पुढच्याच वर्षी स्वतंत्र पुस्तिका लिहून उत्तर द्यावे लागले. टिपा नसत्या तर आरोपही नेमका झाला नसता आणि उत्तरही.

मराठीत हेच वळण इतिहासाचार्य राजवाड्यांनी दिले. बखरकाराला आपला आधार दाखवण्याचे बंधन नव्हते. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तो पानिपतच्या काळातल्या पत्रांचा, म्हणजे निष्कर्षाच्या जोडीने साक्षीपुरावाच लोकांच्या हाती ठेवला. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत तळाची जागा पाठभेदांना दिली. संपादकाने वर स्वीकारलेला पाठ ज्याला पटत नाही, त्याला नाकारलेले पाठ त्याच पानावर खाली मिळतात.

दुसऱ्या घराण्याची कथा साधी आहे. शिकागो विद्यापीठाचा छापखाना १८९१ मध्ये सुरू झाला तेव्हा प्राध्यापकांची हस्तलिखिते थेट जुळाऱ्यांकडे जात. मुद्रितशोधनातला गोंधळ आवरण्यासाठी कामगारांनी नियमांचा एक तक्ता केला आणि १९०६ मध्ये त्याचेच पुस्तक झाले. हार्वर्डचा प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क याने १८८१ मध्ये एका गोगलगाईवरच्या निबंधात लेखकाच्या नावाशेजारी साल कंसात घातले. आजच्या ‘हार्वर्ड पद्धती’चा उगम तिथे मानला जातो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञांची नियमावली १९२९ मध्ये अवघ्या सात पानांची होती, आज ती चारशे पानांच्या वर गेली आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी १९७८ मध्ये व्हँकूव्हरला जमून हस्तलिखितांसाठी समान साचा ठरवला.

हे नियम निरर्थक आहेत असे मुळीच नाही. एकसारखेपणामुळेच १९६४ मध्ये यूजीन गारफिल्डला विज्ञानाची उद्धरणसूची काढणे सुकर झाले आणि कोणता निबंध पुढे कोणी वापरला हे शोधता येऊ लागले. मात्र साचा पाळला म्हणून आधार सिद्ध होत नाही. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात २०२३ मध्ये वकिलांनी सादर केलेल्या कागदांत खटल्यांची नावे, खंड, पान, साल सगळे रीतसर होते. फक्त ते खटले अस्तित्वात नव्हते, चॅटजीपीटीने ते रचले होते. न्यायालयाने ५,००० डॉलर दंड केला. असे संदर्भ आता कोणालाही क्षणात आणि निर्दोष विरामचिन्हांसह मिळू शकतात. म्हणून प्रबंध तपासणाऱ्यांनी स्वल्पविराम मोजण्याचे काम संगणकावर सोपवावे आणि स्वतः चार-पाच संदर्भ मुळातून उघडून वाचावेत. लेखक म्हणतो ते तिथे खरोखर आहे का, एवढाच प्रश्न परीक्षकाचा आहे.