तीन दिवसांचे स्वतंत्र चिमूर आणि मान्यतेचा प्रश्न

राज्य कशाला म्हणावे, या प्रश्नाचे आंतरराष्ट्रीय कायद्यात वारंवार दिले जाणारे उत्तर डिसेंबर 1933 मध्ये उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ येथे झालेल्या करारात सापडते. कायम वस्ती, निश्चित भूप्रदेश, शासनसंस्था आणि इतर राज्यांशी संबंध जोडण्याची क्षमता ही चार लक्षणे त्या करारात सांगितली आहेत. त्यांपैकी चौथ्या लक्षणावरून विद्वानांत दोन पक्ष पडले. पहिल्या पक्षाच्या मते राज्य आपल्या बळावर अस्तित्वात येते आणि इतरांनी दिलेली मान्यता ही केवळ त्या वस्तुस्थितीची नोंद असते. दुसऱ्या पक्षाच्या मते इतरांनी मान्य केल्यावाचून राज्य जन्मालाच येत नाही. हा वाद सहसा युरोपातील नव्या राष्ट्रांच्या संदर्भात मांडला जातो. परंतु 1942 ते 1945 या काळात त्याची दोन्ही टोके मध्यप्रांत व वऱ्हाडातील चांदा जिल्ह्यात, त्या वेळी वरोरा तहसिलीत असलेल्या चिमूर या गावाच्या इतिहासात एकत्र आली, आणि त्या गावाचा विचार केवळ बेचाळीसच्या आंदोलनातील एक शौर्यकथा म्हणून न करता या दृष्टीनेही व्हायला हवा.

या प्रदेशाला सार्वभौमत्व आणि परराष्ट्रसंबंध यांच्यातील नात्याचा अनुभव जुना होता. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात चांदा मोडत असे, आणि ते राज्य एका दिवसात बुडाले नाही. डिसेंबर 1803 मधील देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजीला कटक आणि वऱ्हाडाचा पश्चिम भाग सोडावा लागला. मे 1816 मध्ये राज्याचा कारभार पाहणाऱ्या आप्पासाहेबाने ईस्ट इंडिया कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. अशा तहात कंपनीची फौज राज्याच्या खर्चाने राज्यात ठेवली जाई आणि राजाने कंपनीला विचारल्यावाचून इतर राज्यांशी व्यवहार करू नये असे बंधन येई. दरबार, महसूल, न्याय, नाणे हे सारे राजाकडेच राहिले. पहिली गेली ती बाहेरच्या जगाशी बोलण्याची मुभा. आप्पासाहेबाने ती परत मिळवण्याचा प्रयत्न करताच नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, मे 1818 मध्ये चांद्याचा किल्ला पडला, आणि 1853 च्या अखेरीस तिसरा रघूजी औरस वारसावाचून वारल्यावर उरलेले राज्य खालसा झाले. खालसा करण्याच्या अन्यायावर मराठीत बरेच लिहिले गेले आहे, पण खरा घाव 1816 चा होता, कारण त्यानंतर नागपूरच्या राजाला मित्र निवडण्याचा अधिकारच उरला नव्हता.

चिमूरमध्ये घडले ते याच्या नेमके उलट होते: तेथे आधी सत्ता हाती आली आणि बाहेरच्या जगाशी बोलण्याचा प्रश्न नंतर उभा राहिला. 1942 च्या पावसाळ्यात तुकडोजी महाराजांच्या खंजिरीभजनांनी या भागातील गावे जागी झालेली होती. त्यांच्या भजनी मंडळांत जातिभेद मोडून एकत्र बसण्याची, सामुदायिक प्रार्थनेची आणि व्यायामाची सवय लागलेली होती, आणि गावागावांत निरोप पोचवणारी माणसे याच मंडळांतून तयार झाली होती. 8 ऑगस्टच्या मुंबईतील काँग्रेसच्या ‘चले जाव’ ठरावानंतर पुढाऱ्यांची धरपकड झाल्याची वार्ता या जाळ्यातून पसरली. 16 ऑगस्ट रोजी, नागपंचमीच्या दिवशी, निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा मुलगा मारला गेला. त्यानंतर जमाव आवरला नाही. उपविभागीय अधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे, सर्कल इन्स्पेक्टर जरासंध आणि शिपाई कांताप्रसाद हे चौघे ठार झाले. वरोऱ्याकडून येणारी वाट अडवली गेली, आणि 19 ऑगस्टला फौज गावात शिरेपर्यंत चिमूरवर सरकारची सत्ता चालली नाही.

मारले गेलेले चौघेही भारतीय होते, आणि ही गोष्ट झाकून ठेवण्यात इतिहासाचा काही लाभ नाही. तिच्यातूनच त्या तीन दिवसांच्या राष्ट्रीय अस्मितेचे स्वरूप उमगते. राष्ट्र म्हणजे वंश किंवा भाषा असा अर्थ त्या जमावाने केला असता तर हे अधिकारी परके ठरले नसते. येथे परकेपण ठरले ते हुकूम कोणाच्या नावाने निघतो यावरून, आणि ज्याने मुलावर गोळी झाडण्याच्या हुकमाशी स्वतःला बांधून घेतले तो गावाच्या लेखी दुसऱ्या राज्याचा माणूस झाला. ही व्याख्या स्पष्ट होती, पण तिची किंमत माणसांच्या जिवांनी चुकती झाली. नव्याने उभ्या राहणाऱ्या आणि ज्यांच्या अस्तित्वाला आव्हान दिले जाते अशा बहुतेक सत्तांचे पहिले धोरण आपला कोण आणि परका कोण हे ठरवण्याचेच असते. चिमूरला त्यापुढे जाण्यास वेळ मिळाला नाही. साताऱ्याच्या प्रतिसरकारला तो मिळाला, म्हणून तेथे न्यायदान मंडळे उभी राहिली. बंगालमधील तामलुकच्या ‘जातीय’, म्हणजे राष्ट्रीय, सरकारालाही तो मिळाला. या तिन्ही ठिकाणी वस्ती होती, भूप्रदेश होता, कमीअधिक प्रमाणात शासनही होते, आणि माँटेव्हिडिओच्या चौथ्या लक्षणाची जागा मात्र रिकामी होती.

ती जागा भरण्याचा झगडा चिमूरच्या बाबतीत गाव पडल्यानंतर सुरू झाला, आणि त्याचे साधन होते बातमी. फौजेने गावात केलेल्या अत्याचारांची, विशेषतः स्त्रियांवरील अत्याचारांची हकिगत नागपूरहून चिमूरला गेलेल्या डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी आणि काही स्त्रियांनी बाहेर आणली. मध्यप्रांत सरकारने चौकशीची मागणी मानली नाही. तेव्हा सेवाग्राम आश्रमातील प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी नोव्हेंबर 1942 मध्ये दिल्लीला गेले आणि बापूजी अणे यांच्या घरी त्यांनी उपवास आरंभला. त्यांनी हेच घर का निवडले असावे, हे अणे यांच्या पदावरून कळते. अणे हे वणीचे, म्हणजे चांद्याच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याचे, आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांच्याकडे सागरापारच्या हिंदी लोकांचे खाते होते. दक्षिण आफ्रिका, सिलोन, ब्रह्मदेश येथील हिंदी माणसांच्या मानासाठी बोलणे हे त्या खात्याचे काम होते. परमुलखातील हिंदी स्त्रीच्या अपमानाबद्दल ज्याने परक्या सरकारला जाब विचारायचा, त्याने आपल्या शेजारच्या गावातील स्त्रियांसाठी आपल्याच सरकारला जाब विचारावा, अशी ती मागणी होती. पदावर असताना अण्यांना ते करता आले नाही, आणि पोलिसांनी भन्साळींना दिल्लीहून सेवाग्रामला परत पोचवले.

उपवास पुढे चालू राहिला. आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असलेल्या गांधींनी भन्साळींशी संपर्क साधण्याची परवानगी मागितली, पण उपवास सोडण्याचा सल्ला द्यायचा असेल तरच निरोप पोचवू असे सरकारचे उत्तर आले, आणि कारण समजल्यावाचून असा सल्ला देणे गांधींना मान्य नव्हते. चिमूर आणि भन्साळी यांच्यासंबंधीच्या वार्तांवर सरकारने निर्बंध घातले. त्याच्या निषेधार्थ 6 जानेवारी 1943 रोजी देशातील अनेक वृत्तपत्रांनी अंक न काढता हरताळ पाळला. अखेर 63 दिवसांनंतर, 12 जानेवारीला, तडजोड होऊन उपवास सुटला आणि वार्तांवरील निर्बंध उठले; स्वतंत्र चौकशी मात्र झाली नाही. कोणत्याही परराष्ट्राने चिमूरला मान्यता दिली नव्हती, परंतु ज्या सरकारने त्या गावाचे नावही छापू दिले नाही त्याला ते नाव छापण्याची मुभा द्यावी लागली. ज्या सत्तेपाशी दूत नसतात तिच्यासाठी एवढी कबुली क्षुल्लक मानता येणार नाही. बर्लिनच्या आझाद हिंद रेडिओवरून सुभाषचंद्र बोस यांनी चिमूर स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले, असे चिमूरमध्ये आजही सांगितले जाते. जगाने आपले नाव ऐकले पाहिजे ही त्या गावाची आच या सांगण्यात दिसते. अण्यांनी फेब्रुवारी 1943 मध्ये, गांधींच्या उपवासाच्या वेळी, मंडळाचा राजीनामा दिला.

त्याच वर्षी 21 ऑक्टोबरला सिंगापूरमध्ये बोस यांनी आझाद हिंदचे हंगामी सरकार स्थापले आणि परराष्ट्रखाते स्वतःकडे ठेवले. जपान, जर्मनी, इटली यांच्यासह नऊ सत्तांनी त्याला मान्यता दिली. चिमूरपाशी भूमी होती आणि मान्यता नव्हती; या सरकारपाशी मान्यता होती, पण अंदमान-निकोबार नावापुरते हाती आले तरी तेथील प्रत्यक्ष सत्ता जपानी आरमाराकडेच राहिली. तिसरा प्रकार त्याहून विलक्षण होता. ब्रिटिश अंमलाखालील हिंदुस्थान राष्ट्रसंघाचा सदस्य होता, आणि 26 जून 1945 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवरही त्याच्या नावाने सही झाली. सही करणारे रामस्वामी मुदलियार आणि व्ही. टी. कृष्णम्माचारी हे सरकारने नेमलेले होते, आणि हे शिष्टमंडळ देशाचे प्रतिनिधी नव्हे असे विजयालक्ष्मी पंडित यांनी अमेरिकेत जाहीर सभांतून सांगितले. ही सही झाली त्या दिवशी, बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे घडलेल्या घटनांवरील खटल्यांत फाशीची शिक्षा झालेले कैदी शिक्षेच्या अंमलाची वाट पाहत तुरुंगात होते. जगाच्या सभेत बसणारा हिंदुस्थान आणि फाशीच्या कोठडीतला हिंदुस्थान एकमेकांना ओळखत नव्हते, आणि बेचाळीसनंतरच्या तीन वर्षांतील परराष्ट्रधोरणाचा कोणताही इतिहास हे दोन्ही एका पानावर आणल्यावाचून अपुरा राहतो.

त्यांना जोडणारा एक धागा पुन्हा विदर्भातूनच गेला. अण्यांनी सोडलेले खाते नागपूरच्या डॉ. नारायण भास्कर खरे यांच्याकडे आले आणि 1944 मध्ये त्याचे नाव राष्ट्रकुल संबंध खाते असे झाले. खरे हे मध्यप्रांताचे माजी मुख्यमंत्री, काँग्रेसमधून बाहेर पडलेले आणि गांधींचे कडवे टीकाकार. त्यांच्या कारकिर्दीत दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदी कायद्यांना उत्तर म्हणून, जशास तसे वागवण्याची तरतूद असलेला कायदा त्या देशाच्या नागरिकांना लागू करण्यात आला. हिंदुस्थानने स्वतःच्या अस्मितेच्या नावाने दुसऱ्या राज्याविरुद्ध उचललेल्या आरंभीच्या पावलांत त्याची गणना करावी लागते. याच खऱ्यांनी आष्टी-चिमूरच्या कैद्यांच्या फाशीविरुद्ध व्हाइसरॉय वेव्हेल यांच्याकडे रदबदली केली. नागपूरच्या काँग्रेस कार्यकर्त्या अनसूयाबाई काळे यांनी त्यासाठी अविश्रांत धावपळ केली, आणि तुरुंगातून सुटलेल्या गांधींनीही आवाज उठवला. पक्षभेद आणि वैयक्तिक वैर यांच्या पलीकडे ही माणसे एका मागणीवर जुळली, आणि ऑगस्ट 1945 मध्ये उरलेल्या फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या गेल्या. त्याच महिन्यात जपान शरण गेल्यामुळे नऊ सत्तांनी मानलेले आझाद हिंद सरकार संपुष्टात आले. खऱ्यांचे खाते सप्टेंबर 1946 मध्ये जवाहरलाल नेहरूंकडे गेले, पुढे परराष्ट्रखात्यात विलीन झाले, आणि 1946 मध्येच दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या वागणुकीची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारताच्या शिष्टमंडळाने मांडली. या वेळी त्याच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित होत्या.