फोन तोडलेले स्टेशन

१९६७च्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत टॉम डोनह्यू आपल्या घरी ‘द डोअर्स’ या रॉक बँडची पहिली तबकडी ऐकत होता. असली गाणी रेडिओवर का लागत नाहीत, हा प्रश्न त्याला छळत होता. तो स्वतः गाजलेला निवेदक. एएम स्टेशनांवर तीच ती चाळीस गाणी दिवसभर कशी फिरवली जातात, हे त्याने आतून पाहिले होते. त्याने एकेका एफएम स्टेशनाला फोन लावायला सुरुवात केली. ‘केएमपीएक्स’चा फोन तोडलेला निघाला. फोनचे बिल भरायची पंचाईत असेल, तर मालक नव्या माणसाला नाही म्हणणार नाही, हे डोनह्यूने ताडले.

अंदाज अचूक ठरला. निरनिराळ्या भाषांच्या कार्यक्रमांना वेळ विकून ते स्टेशन कसेबसे तग धरून होते. रात्री लॅरी मिलर तिथे लोकसंगीत आणि रॉक लावतच असे. ७ एप्रिलपासून डोनह्यूही संध्याकाळी बसू लागला.

आता तबकडीची अख्खी बाजू वाजू लागली. रॉकनंतर ब्लूज, त्याला लागून रविशंकरांची सतार, आणि मध्ये आरडाओरडा करणारा निवेदक नाही! यंत्रे सांभाळायला तरुण मुली होत्या, हे त्या काळात विशेषच. त्यांच्यातलीच डस्टी स्ट्रीट पुढे नामांकित निवेदिका झाली.

१८ मार्च १९६८ रोजी पहाटे तीन वाजता कर्मचारी संपावर गेले. मालक नमला नाही. मे महिन्यात डोनह्यू आणि त्याची मंडळी शहरातल्याच एका शास्त्रीय संगीताच्या स्टेशनात दाखल झाली. तेच पुढे ‘केसॅन’ झाले.

गाणी काय, कुणीही लावेल. केसॅनचे मोल कळले ते गावावर प्रसंग आला तेव्हा. ६ डिसेंबर १९६९ रोजी अल्टामाँटच्या शर्यतीच्या मैदानात रोलिंग स्टोन्सचा मोफत कार्यक्रम झाला आणि मेरेडिथ हंटर या अठरा वर्षांच्या मुलाला रंगमंचासमोरच भोसकून मारले गेले. दुसऱ्या दिवशी केसॅनने श्रोत्यांसाठी फोन खुले केले. तिथे हजर असलेले लोक बोलले. ज्यांच्यावर ठपका येत होता त्या ‘हेल्स एंजल्स’ या मोटारसायकलस्वारांच्या टोळीचा सॉनी बार्जरही संतापून बोलला. कुणाला गप्प केले गेले नाही. त्या प्रसारणाचे तुकडे ‘गिमी शेल्टर’ या माहितीपटात आजही ऐकता येतात.

१८ जानेवारी १९७१च्या पहाटे दाट धुक्यात स्टँडर्ड ऑइलची दोन तेलवाहू जहाजे गोल्डन गेट पुलाजवळ एकमेकांवर आदळली. सुमारे ८ लाख गॅलन तेल खाडीत सांडले. कुठल्या किनाऱ्यावर माणसे हवीत, कुठे काय कमी पडते आहे, हे केसॅनवरून सांगितले जाऊ लागले आणि लांब केसांची पोरे गाड्या काढून निघाली. कुणी पाण्यावर पेंढा पसरून तेल टिपत होते, कुणी काळवंडलेल्या पक्ष्यांची पिसे एकेक करून पुसत होते. त्यातले फार थोडे पक्षी जगले. पण त्याच धडपडीतून त्या वर्षी बर्कलीत अशा पक्ष्यांवर उपचार करणारी एक संस्था उभी राहिली, आणि ती आजही काम करते आहे.