उचलायचे पान

पाथरीच्या कोणत्याही किराणा दुकानात तमालपत्र मिळते. मसालेभातात घालायचे आणि जेवताना ताटाच्या कडेला काढून ठेवायचे, एवढाच त्याचा मान. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र हे पान मोठ्या घराण्यातले. युरोपातला लॉरेल आणि आपले तमालपत्र एकाच कुळातले, दालचिनीही त्यातलीच.

अपोलोपासून पळणारी डॅफ्नी लॉरेलचे झाड झाली, अशी ग्रीक कथा आहे. डेल्फीच्या खेळांतल्या विजेत्यांना याच पानांचा मुकुट मिळे. पुढे तो रोमच्या सेनापतींच्या माथ्यावर चढला. १३४१ साली रोममध्ये कवी पेत्रार्काला तो घालण्यात आला. इंग्लंडने १६६८ मध्ये ड्रायडनला 'पोएट लॉरिएट' केले. स्पेनमध्ये १८११ साली स्थापन झालेल्या सान फेर्नांदो या लष्करी सन्मानाच्या सर्वोच्च क्रूसाचे नावच 'लाउरेआदा'. पण याच दोन भाषांनी या पानावरून टोमणाही घडवला. जुन्या यशावर सुस्तावलेल्याला इंग्रज 'लॉरेलवर विसावला' म्हणतो, स्पॅनिश माणूस 'लॉरेलवर झोपला' म्हणतो.

आपल्याकडे पानाचा मान गेला नागवेलीकडे. दरबारात तबकात पैजेचा विडा मांडला जाई. जो उचलेल त्याच्यावर कामगिरी. १६५९ च्या स्वारीआधी अफझलखानाने विजापूरच्या दरबारात असाच विडा उचलल्याची कथा परंपरेने सांगितली जाते. खान परतला नाही. 'विडा उचलणे' भाषेत राहिले.

मला या दोन पानांतला फरक महत्त्वाचा वाटतो. लॉरेल काम झाल्यावर मिळतो, विडा काम सुरू होण्याआधी. लॉरेलचे झाड सदाहरित, पान वाळले तरी वास धरून राहते. मुकुट जपून ठेवता येतो. नागवेलीचे पान लवकर मान टाकते. विडा जपता येत नाही, तो खाऊन टाकावा लागतो. मागे उरते ते फक्त कबूल केलेले काम. म्हणून विड्यावर कुणी झोपत नाही.

विड्यातल्या सुपारीचीही तीच गोष्ट. तमाशाच्या फडाला, बँडवाल्यांना सुपारी देणे म्हणजे काम ठरवणे. पुढे गुन्हेगारीने हा शब्द पळवला, पण 'आधी कबुली, मग काम' हा अर्थ तिथेही सुटला नाही.

आजचे आपले सत्कार मात्र लॉरेलच्या वळणाचे झाले आहेत. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. सारे झालेल्या कामाचे, सारे कपाटात ठेवण्याजोगे. माझ्यासारख्या पदवी-पदाविना कागद चाळणाऱ्याला त्याचा आनंद होतोच, नाही कशाला म्हणू? पण गावोगावच्या जुन्या घरांत मोडी कागदांची बासने कसरीच्या तोंडी जात आहेत आणि मोडी वाचणारे हात थोडे उरले आहेत. अशा वेळी व्यासपीठावर शालीशेजारी एका तबकात विडाही ठेवावा, आणि तो कोण उचलतो हे सभेने पाहावे.