घट्ट की सैल? डोंगरातल्या सायकलस्वाराच्या चड्डीचा इतिहास

हा थ्रेड मोठा आहे, सवडीने वाचावा. विषयाचे नाव वाचून हसू येईल, ते येऊ द्यावे. लढाया आणि तह यांच्या इतिहासाइतकाच कपड्यांचा इतिहासही माणसाविषयी बोलतो, आणि पुष्कळदा अधिक मोकळेपणाने बोलतो.

२१ ऑक्टोबर १९७६. कॅलिफोर्नियाच्या मरीन परगण्यातील फेअरफॅक्स गावाजवळचा एक डोंगर. वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी काढलेला कच्चा, खडकाळ रस्ता. लांबी जेमतेम ३ किलोमीटर आणि तेवढ्या अंतरात सुमारे ४०० मीटरचा उतार. माथ्यावर थोडी तरुण मंडळी जमली होती. त्यांच्या सायकली १९३० आणि १९४० च्या दशकांतील, जाड टायरच्या, अवजड, मुळात पेपर टाकणाऱ्या पोरांसाठी बनवलेल्या. पेडल उलटे दाबले की लागणारा ब्रेक मागच्या हबमध्ये. उताराच्या शेवटापर्यंत हब इतका तापे, की आतले ग्रीस जळून धूर निघे. मग हब उघडायचा आणि नवे ग्रीस भरायचे. यावरूनच त्या शर्यतीला ‘रिपॅक’ हे नाव पडले. पहिली शर्यत अॅलन बाँड्सने जिंकली, कारण सायकलवरून न पडता खाली पोहोचलेला तो एकटाच होता.

माउंटन बायकिंगचा उगम सांगताना इतिहासकार या उताराकडे बोट दाखवतात. आता त्या काळातील छायाचित्रे पाहावीत. त्यांतली पुष्कळशी वेंडी क्रॅग या स्त्रीने काढलेली आहेत आणि ती स्वतःही हा उतार उतरत असे. चित्रांत काय दिसते? जीन्स, जाड चौकड्यांचे शर्ट, कामगार घालतात तसले बूट, हातात चामडी मोजे. अंगाला चिकटणारे काहीही नाही.

येथे घाईने निष्कर्ष काढू नये. ‘हे साधे हिप्पी लोक होते, त्यांना सायकलपटूंचे कपडे ठाऊकच नव्हते’ असे कोणी म्हणेल, तर ते चूक ठरेल. या मंडळींतील चार्ली केली, गॅरी फिशर आणि जो ब्रीझ हे ‘व्हेलो क्लब टॅमलपायस’ या रस्त्यावरच्या सायकलपटूंच्या मंडळाचे सभासद होते. फिशर आणि ब्रीझ तर मुरलेले शर्यतपटू. सडकेवर उतरताना हीच माणसे लोकरीची घट्ट काळी चड्डी घालत आणि डोंगरात जाताना हीच माणसे जीन्स चढवत. म्हणजे दोन्ही गोष्टी ठाऊक असताना केलेली ही निवड होती. एकच देह, दोन वाटा, दोन पोशाख. मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच वाटते.

मग सडकेवरची चड्डी घट्ट का होती? त्यासाठी मागे जावे लागेल.

१८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्लीची ‘रोव्हर’ सायकल आली, १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला, आणि माणूस तासन् तास सीटवर बसू लागला. तासन् तास बसणे म्हणजे मांडीने सीटला तासात हजारो वेळा घासणे. कापड सैल असेल तर त्याच्या चुण्या पडतात, शिवण मांडीखाली येते, घामाने ती ओली होते आणि काच बसतो. अंगाबरोबर बसलेले कापड हलत नाही, म्हणून घासत नाही. आपल्या तालमीतील लंगोटाचे किंवा मल्लखांबपटूच्या आखूड चड्डीचे तर्कशास्त्र याहून निराळे नाही. तेथे घट्टपणाला कोणी हसत नाही, कारण तो कामाचा असल्याचे सर्वांना ठाऊक असते.

विणलेल्या लोकरीच्या चड्डीला आतून मऊ चामड्याचा तुकडा शिवत. युरोपच्या डोंगरांत ‘शामोआ’ नावाचे बकरीसारखे जनावर असते. मूळ कातडे त्याचे. आज तो तुकडा कृत्रिम कापडाचा आणि फोमचा असतो, तरी सायकलवाले त्याला ‘शॅमी’च म्हणतात. हे कातडे धुतल्यावर वाळून पापडासारखे कडक होई. मग त्याला मलम चोळून मऊ करावे लागे. लोकर ओली झाली की लोंबू लागे. आणि रंग काळा, कारण सीटच्या चामड्याचे आणि हातांना लागलेल्या ग्रीसचे डाग त्यात लपत.

काळ्या रंगाची आणखी एक कथा इंग्लंडात घडली. १८९० च्या सुमारास तेथील सायकल संघटनेने सडकेवरच्या शर्यतींना मनाई केली. घोडागाडीवाले आणि पोलीस यांच्याशी वारंवार वाद होत होते. तेव्हा फ्रेडरिक बिडलेक याने पळवाट काढली. शर्यत लावायची, पण एकेकाला अंतराने सोडायचे, म्हणजे ती शर्यत दिसणारच नाही. ५ ऑक्टोबर १८९५ रोजी अशी ५० मैलांची पहिली शर्यत झाली. या परंपरेत स्पर्धकांनी मानेपासून घोट्यापर्यंत काळे कपडे घालायचे असत. हेतू एकच, कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये. ज्या पोशाखाकडे आज रस्त्यावरचा प्रत्येक जण वळून पाहतो, त्याच्या एका पूर्वजाचे काम अदृश्य राहणे हे होते!

परंतु अदृश्य राहण्याची सोय सर्वांना नव्हती. १८९८ च्या ऑक्टोबरात लेडी हार्बर्टन सायकलवरून सरे परगण्यातील ओकहॅम गावी पोहोचल्या आणि तेथील ‘हॉटबॉय’ हॉटेलात जेवण मागितले. अंगात लांब झग्याऐवजी गुडघ्याखाली आवळलेला ढगळ पायजमा होता. मालकीणबाईंनी त्यांना मुख्य दालनात बसू देण्यास नकार दिला आणि दारू पिणाऱ्यांच्या खोलीत बसण्यास सुचवले. सायकलपटूंच्या संस्थेने त्यांच्या वतीने खटला चालवला. १८९९ मध्ये निकाल हॉटेलच्या बाजूने लागला. ध्यानात घ्यावे, की येथे आक्षेप घट्ट कपड्याला नव्हता. तो पायजमा चांगला ऐसपैस होता. आक्षेप एवढाच, की स्त्रीला दोन पाय आहेत हे त्यातून दिसत होते. मराठी वाचकाला याचे नवल वाटावे. कासोट्याचे नऊवारी लुगडे नेसून शेतात राबणाऱ्या, डोंगर चढणाऱ्या बायका आपल्याकडे तेव्हाही होत्या आणि त्यासाठी कोणाला कोर्टात जावे लागले नव्हते. सभ्यतेची मोजपट्टी प्रत्येक समाजाची वेगळी. आणि सायकल जिथे गेली, तिथे तिने ती मोजपट्टी बाहेर काढायला लावली.

पुढचे वळण रसायनशास्त्राचे. १९५८ मध्ये अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीचा रसायनशास्त्रज्ञ जोसेफ शिव्हर्स याने एक ताणला जाणारा कृत्रिम धागा सिद्ध केला. त्याचे ‘स्पॅन्डेक्स’ हे नाव इंग्रजीतील ‘एक्स्पान्ड्स’ या शब्दाची अक्षरे उलटसुलट करून बनले आहे. व्यापारी नाव ‘लायक्रा’. आधी तो स्त्रियांच्या अंतर्वस्त्रांत आला, मग पोहण्याच्या आणि बर्फावर घसरण्याच्या पोशाखांत. सायकलच्या चड्डीत तो शिरला १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, आणि पहिला मान इटलीच्या कास्तेल्लीचा की स्वित्झर्लंडच्या आसोसचा, यावर दोन्ही घराण्यांचे दावे आहेत. लोकर जशी लोंबे तशी ही चड्डी लोंबत नव्हती. शिवाय वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो. तेव्हा फडफडणाऱ्या कापडापेक्षा त्वचेसारखे कापड केव्हाही वेगवान.

काळाचा योगायोग पाहावा. सडकेवर लायक्रा येत होती, त्याच सुमारास रिपॅकच्या उतारावर जीन्स घालून मंडळी धूळ उडवत होती.

त्यांचा खेळ वाढला. १९७७ मध्ये ब्रीझने डोंगरासाठी खास सायकल बांधली, १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची ‘स्टम्पजम्पर’ दुकानांत आली, १९८३ मध्ये अमेरिकेत या शर्यतींसाठी ‘नॉर्बा’ ही संघटना स्थापन झाली. संघटनेबरोबर प्रायोजक आले, घड्याळ आले आणि घड्याळाबरोबर लायक्रा आली. १९९० मध्ये कोलोरॅडोच्या डुरांगो येथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. क्रॉस-कंट्रीत नेड ओव्हरएंड आणि डाउनहिलमध्ये ग्रेग हर्बोल्ड जिंकले. त्या वर्षांची छायाचित्रे पाहिली की डोळे दिपतात: झगझगीत गुलाबी, पिवळे, अंगाला चिकटलेले कपडे, आणि तेही उतार उतरणाऱ्यांच्या अंगावर! दीड दशकात जीन्स हद्दपार झाली होती.

आणि मग ती वेगळ्या रूपाने परत आली. १९९६ मध्ये शॉन पामर हा स्नोबोर्डवरचा अवलिया डाउनहिलमध्ये उतरला. त्याने मोटोक्रॉसवाल्यांचा ढगळ पोशाख उचलला आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील केर्न्स येथील जागतिक स्पर्धेत तो फ्रान्सच्या निकोला व्हुइयोच्या मागे, सेकंदाच्या अंशाने, दुसरा आला. एकट्या पामरने फॅशन बदलली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. गुडघ्याचे पॅड, छातीचे कवच वापरात येत होते आणि घट्ट चड्डीखाली ते मावत नव्हते. बीएमएक्स, स्केटबोर्ड, मोटोक्रॉस यांतून पोरे या खेळात येत होती. पामरने त्यांना हवे होते ते दृश्य पुरवले. २००१ मध्ये युटाच्या लाल कड्यांवर पहिली ‘रॅम्पेज’ स्पर्धा झाली, तेव्हा तेथे लायक्रा घालून येण्याचे कोणाच्या मनातही आले नसते.

आता पेच पाहा. सैल कपडे हवेत फडफडतात, म्हणजे वेळ खातात. पुढच्या दशकात काही डाउनहिलपटू पुन्हा घट्ट पोशाखात दिसू लागले, वाद झाला, आणि आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने नियम केला: डाउनहिलमध्ये लायक्राचे अंगाबरोबर बसणारे कपडे चालणार नाहीत. ज्या खेळात सेकंदाच्या शतांशाने पदक जाते, त्यात अधिक वेगवान पोशाखच निषिद्ध! माझ्या मते हा नियम सुरक्षेपेक्षा ओळखीचा आहे. ‘आम्ही सडकेवरचे नव्हे’ हे सांगण्याची गरज या खेळाला इतकी वाटली, की ती त्याने कायद्यात लिहून ठेवली. क्रॉस-कंट्रीवाल्यांना मात्र ही अडचण नाही. एकाच डोंगरावर, एकाच स्पर्धेत, चढणारे घट्ट आणि उतरणारे सैल.

यातली गंमत अशी, की सैल चड्डी बहुधा पूर्ण सैल नसतेच. तिच्या आत शॅमी लावलेली घट्ट चड्डी असते. घर्षणाचा प्रश्न १८८५ नंतर जसा होता तसाच आहे आणि त्याचे उत्तरही तेच आहे. बाहेरचे कापड काट्यांपासून, खरचटण्यापासून वाचवते, खिसे देते, गुडघ्याच्या पॅडला जागा देते. त्याचा तोटाही आहे. तीव्र उतारावर अंग सीटच्या मागे न्यावे लागते आणि पुन्हा पुढे येताना ढगळ कापड सीटच्या टोकाला अडकले, तर ऐन वळणावर माणूस पुढे येऊ शकत नाही.

सह्याद्रीत सायकल चालवणाऱ्यांना हे सांगायला नको. करवंदीच्या जाळ्या लायक्राची गय करत नाहीत, आणि मे महिन्याच्या घाटचढणीत दुहेरी कापड नको होते. मी स्वतः पहिली घट्ट चड्डी घेतली, तेव्हा दोन महिने तिच्यावर जुनी फुटबॉलची चड्डी घालत होतो. कारण घर्षण नव्हते, चहाच्या टपरीवरची बाकडी होती. आमच्या गटातल्या एका मुलीने तर केवळ या नजरांपायी सायकल सोडली होती. वर ढगळ चड्डी चालते हे कळल्यावर ती परत आली, आणि उतारावर आता आम्हांला मागे टाकते.

डाउनहिलच्या त्या नियमात ‘घट्ट’ म्हणजे नेमके किती घट्ट, हे सेंटिमीटरमध्ये सांगितलेले नाही. गेल्या काही मोसमांतील जागतिक स्पर्धांची छायाचित्रे क्रमाने लावून पाहावीत. ढगळ चड्ड्या जाऊन लांब पँटी आल्या आहेत आणि त्या पिंडरीपाशी पूर्वीच्या मानाने बऱ्याच निमुळत्या झाल्या आहेत. कापड मात्र अजून, नियमाप्रमाणे, लायक्राचे नाही.